पडण्याआधीचं घर

वडील पडले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलची दांडी होती. स्क्रू, प्लॅस्टिकचे प्लग आणि मूठभर प्लास्टर यांसकट ती भिंतीतून उपटून आली होती. कमोडवरून उठताना ते तिचाच आधार घेत असत, बहुधा तीन-चार वर्षं तरी. घरात कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण त्या दांडीचे सैल झालेले स्क्रू मी स्वतः दोनदा आवळून दिले होते. नुसत्या टॉवेलच्या ओझ्यानं स्क्रू सैल होत नाहीत, एवढा साधा विचार तेव्हा मला सुचला नाही.

खुब्याचं हाड मोडलं. ते रुग्णालयात होते त्या दिवसांत आम्ही भावंडांनी घर सुधारायला घेतलं. गालिचा गुंडाळून ठेवला, जड कपाट हलवलं, त्यांचं लिहिण्याचं टेबल मागच्या खोलीत नेलं, पलंग या भिंतीचा त्या भिंतीला लावला, कागदांचे गठ्ठे खोक्यांत भरून माळ्यावर टाकले. सगळं त्यांच्या भल्यासाठी. घरी आल्यावर पहिल्याच रात्री ते अंधारात उठले आणि जिथे इतकी वर्षं कपाट होतं तिथे त्यांनी हात टाकला. हाताला काहीच लागलं नाही. मी जागा होतो म्हणून सावरता आलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "हे कुणी ठरवलं?"

तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. आता मी स्वतः निवृत्त आहे, माझंही घर मी गेल्या दोन वर्षांत बदलत आणलं आहे, आणि त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर मला आता ठाऊक आहे. निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी घर बदलायलाच हवं. माणूस पडण्याआधी बदलायला हवं, आणि त्यात राहणाऱ्यानेच बदलायला हवं. आणि हे त्याला करता यावं अशी घरं मुळात बांधली जात नसतील, तर तो दोष त्याच्या आळसाचा नाही, बांधकामाच्या नियमांचा आहे. पहिल्या दोन गोष्टींना बहुतेक जण मान डोलावतात. तिसरी निघाली की "हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न" म्हणून विषय बदलतात. मला तिथेच थांबून बोलायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे, आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त. २०३० पर्यंत जगातला दर सहावा माणूस साठीचा किंवा त्याहून मोठा असेल. रस्त्यावर माणसं मरतात म्हणून आपण वळणांना कठडे बांधतो, वेगमर्यादा घालतो, सीटबेल्टची सक्ती करतो. घरात पडून मरतात तेव्हा मात्र "वय झालं होतं" म्हणतो.

वय झालं होतं हे खरंच असतं. पण वय त्याच्या आदल्या दिवशीही तेवढंच होतं. त्या दिवशी फरशी ओली होती, दिव्याचं बटण दाराच्या पलीकडे होतं, किंवा उंबरठा फरशीच्याच रंगाचा होता. एम. पॉवेल लॉटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर एक विचार मांडला होता: माणसाची ताकद जितकी कमी होत जाते, तितका त्याच्या वागण्यावर भोवतालचा पगडा वाढत जातो. तरुण माणूस वाईट घरातही निभावून नेतो. घर त्याला अडवतं, तो उडी मारून पुढे जातो, आणि अडवलं होतं हे विसरूनही जातो. सत्तरीत तेच घर तोच अडथळा घालतं, पण उडी मारणारे पाय राहिलेले नसतात. मग आपण त्या माणसाला दुबळा म्हणतो. घराला कुणी काही म्हणत नाही.

डोळ्यांचंच घ्या. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणजे ज्या दिव्याखाली नातवाला लख्ख दिसतं, त्याच दिव्याखाली आजोबा संधिप्रकाशात बसलेले असतात. त्यांना वाटतं नजर गेली, आणि ते चष्म्याचा नंबर तपासून येतात. दिवा वाढवायचं कुणाच्या मनात येत नाही. अर्थात नुसता प्रखर दिवा लावून भागत नाही, कारण गढूळ भिंगाला चकाकी सोसत नाही. उघडा बल्ब डोळ्यांवर येतो, गुळगुळीत फरशीवर त्याचं प्रतिबिंब पडतं आणि ती जागा ओली वाटते. दिवे जास्त हवेत, झाकलेले हवेत, आणि पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्रभर मंद उजळलेली हवी. पायरीची कड दिसावी म्हणून तिला गडद रंगाची पट्टी मारायला एक दुपार पुरते. मी मारली, आणि त्याच आठवड्यात घरी आलेला माझा तिशीतला पुतण्या म्हणाला, "काका, ही पायरी मला याआधी नीट दिसायचीच नाही."

खरा प्रश्न बाथरूमचा आहे. ओली फरशी, उघडं अंग, वळणं-वाकणं आणि बंद दार ही चारही संकटं तिथे एकत्र नांदतात. म्हणून तिथल्या आधाराच्या दांड्याबद्दल जरा खोलात जाऊन सांगतो, कारण याबद्दल भल्याभल्यांचा गैरसमज असतो. टॉवेलची दांडी टॉवेल पेलते, माणूस नाही. काचेला चिकटवायचे रबरी वाटीचे दांडे मिळतात. त्यांची हवा कधी सुटेल याचा भरवसा नसतो आणि नेमका भार पडला की ती सुटते. खरा दांडा लादीला धरून राहत नसतो, लादीमागच्या भिंतीला धरतो. भिंत भरीव विटांची असेल तर योग्य बोल्ट बसतात. ती पोकळ किंवा पातळ फळ्यांची असेल, तर आतून लाकडाचा किंवा जाड प्लायचा आधार आधीच ठेवलेला असावा लागतो. नसेल तर लादी फोडून, आधार बसवून, पुन्हा लादी लावायची. बांधतानाच ती फळी भिंतीत सरकवून ठेवणं हे सुताराचं घटकाभराचं काम असतं. नंतर त्याच फळीसाठी आठवडाभर घरात सिमेंटची धूळ खावी लागते.

दांड्याची उंची कोष्टकात पाहून ठरवू नये. गवंड्याने मला विचारलं तेव्हा मी मिटलेल्या कमोडवर बसलो, उठायला जसा हात जाईल तसा जाऊ दिला, आणि जिथे टेकला तिथे त्याने पेन्सिलीने खूण केली. माझ्या पत्नीची खूण चार बोटं खाली आली. मग आम्ही तिरका दांडा लावला. दार आत उघडायचं ते बाहेर उघडेल असं करून घेतलं, कारण आत पडलेला माणूस दाराला अडून पडला तर बाहेरच्याला ते ढकलताही येत नाही. कडीही बाहेरून उघडेल अशी. हे सगळं मी धडधाकट असताना केलं, आणि केलं तेव्हा ओळखीच्या काही जणांनी हळहळून चौकशी केली की काही झालंय का. काहीही झालं नव्हतं. आधार घेणं म्हणजे खचणं, हा समज फार खोल रुजलेला आहे. माणसं रात्री भिंती चाचपत जातात, पण दांडा लावून घेत नाहीत, कारण भिंत चाचपलेली कुणाला दिसत नाही आणि दांडा दिसतो.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. घर इतकं सोपं केलं तर शरीर आणखी सुस्त होणार नाही का? जिना चढणं हाच तर व्यायाम. लॉटन यांनीच १९७३ मध्ये ल्युसिल नाहेमो यांच्याबरोबर मांडलेल्या सिद्धांतात ही दुसरी बाजू आहे: भोवतालचं आव्हान झेपेनासं झालं की माणूस मोडतो, आणि आव्हान अगदीच उरलं नाही तरी तो झिजतो. तेव्हा जिना चढावा, जरूर चढावा. पण दोन्ही बाजूंना कठडा असलेला, उजेडातला, कडा दिसणारा जिना चढावा. कठड्याने व्यायाम कमी होत नाही. उलट जिन्याची भीती बसलेला माणूस वरच्या मजल्यावर जाणंच सोडतो.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये २२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. घरातले पडण्याचे धोके कमी केल्याने पडण्याचं प्रमाण एकूण २६ टक्क्यांनी घटलं. आधी पडलेल्या किंवा रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या माणसांत ते ३८ टक्क्यांनी घटलं. ज्यांना असा विशेष धोका नव्हता त्यांच्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. मग मी धडधाकटांना आत्ताच बदला असं का म्हणतो? याचं एक कारण न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या संशोधकांनी ८४२ घरं घेतली, कुणी पडलेलं आहे की नाही हे न पाहता त्यांतल्या निम्म्यांत कठडे, आधाराचे दांडे, न घसरणाऱ्या चटया, बाहेरचे दिवे, पायऱ्यांच्या कडा अशा साध्या गोष्टी करून दिल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरात पडून होणाऱ्या इजा वर्षाकाठी २६ टक्क्यांनी कमी झाल्या. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून मला असं दिसतं की फायद्याचा मोठा वाटा धोक्यात असलेल्यांना मिळतो. पण धोक्यात आपण कधी आलो हे आपल्याला आधी कळत नाही. माझ्या वडिलांना विचारलं असतं तर पडण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःला बिनधोक गटातच टाकलं असतं. आणि दुसरं म्हणजे, पडल्यानंतर घर बदलायला निघालेल्या माणसाला लादी फोडण्याचा आवाजही सोसत नाही. निर्णय घ्यायलाही अंगात रग लागते.

आता सामानाकडे येतो. इथे मला आजकालच्या एका लाटेशी भांडायचं आहे. निवृत्त झालात ना, मग पसारा काढा, घर मोकळं करा, हलके व्हा. हा सल्ला इतक्या ठिकाणांहून येतो की सामान बाळगणं हा जणू गुन्हाच ठरला आहे. वाटेतलं सामान काढावं, हे मला मान्य. पायात येणारी वायर, कोपरा वर आलेला गालिचा, जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवलेले रद्दीचे गठ्ठे, ज्यासाठी स्टुलावर चढावं लागतं असं माळ्यावरचं सगळं, हे आधी जायला हवं. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात यावी. वाकून किंवा चढून काढावी लागणारी वस्तू वर्षातून एकदाच लागत असेल, तर ती काढायला दुसरं कुणी बोलवावं. इथवर हिशेब सरळ आहे.

पण माणूस वस्तूंना धरून असतो तो केवळ हावेपोटी नाही. १९९० मध्ये डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना कॉफीचे साधे मग दिले होते. ते विकायला त्यांनी जी किंमत मागितली ती, ज्यांना मग मिळाला नव्हता ते जी द्यायला तयार होते, तिच्या साधारण दुप्पट होती. तो मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तर चाळीस वर्षं हाताळलेल्या करवतीचं काय होत असेल? अर्थशास्त्रज्ञ याला विचारातली चूक मानतात. मी मानत नाही, निदान म्हातारपणी तरी. नोकरी गेली की माणसाची ओळख सांगणारी बरीचशी माणसं आणि कामं एका दिवसात बाजूला होतात. जे उरतं त्यात त्याच्या वस्तू असतात. सुतारकाम करणाऱ्याची हत्यारं "आता कुठे वापरताय" म्हणून विकून टाकली, तर घरातली एक पेटी रिकामी होते आणि त्या माणसाची दुपारही.

म्हणून मी उपयोग आणि आठवण या दोन रांगा करत नाही. मी विचारतो की ही वस्तू अजून कुणाच्या हातात जाते का. माझ्या हातात जात असेल तर ती राहील, आणि हाताशी राहील. माझ्या हातात जात नाही पण दुसऱ्या कुणाच्या जाईल, तर मी असतानाच, मी देईन. ज्या कुणाच्याच हातात कधी जाणार नाहीत अशा वस्तू घरात फार निघाल्या: मोडकी यंत्रं, सुट्टे भाग हरवलेले खेळ, पूर्वीच्या घराच्या मापाचे पडदे. त्या गेल्या आणि मला त्यांची आठवणही येत नाही. कागदपत्रांबद्दल इतकंच सांगतो की आपल्या मागे कुणाला काय शोधावं लागेल ते एका पाकिटात, एका जागी असावं, आणि ती जागा घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावी.

देण्याचा निर्णय ज्याचा त्याने करावा यावर माझा इतका भर का, हे एका जुन्या प्रयोगातून सांगतो. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना वेगवेगळं सांगितलं. एका मजल्यावर सांगितलं की खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा हे तुम्हीच ठरवा, एक रोप निवडा आणि त्याला पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी कर्मचारी घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि जास्त मिसळणारी दिसू लागली. प्रयोग लहान होता आणि त्यावरून पुढे काढलेल्या सगळ्याच निष्कर्षांवर मी भार टाकणार नाही. पण खोलीत खुर्ची कुठे ठेवायची हा प्रश्न किती मोठा असू शकतो, हे त्यातून कळतं. वडिलांचं टेबल आम्ही मागच्या खोलीत नेलं त्यानंतर त्यांनी डायरी लिहिणं थांबवलं. टेबल परत आणलं तेव्हा फार उशीर झाला होता.

इथवर सगळं घरातलं. आता नियमांचं.

दारात १५ सेंटीमीटरची एकच पायरी आहे असं समजा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं रूढ प्रमाण एकास बारा असतं. म्हणजे त्या एका पायरीला १८० सेंटीमीटर लांब उतार लागतो. तीन पायऱ्या असतील तर सव्वापाच मीटरहूनही जास्त. एवढी जागा बांधलेल्या घरासमोर नंतर कुठून आणायची? नकाशा कागदावर असताना जोत्याची पातळी आणि वाट यांचा मेळ घातला, तर ती पायरीच लागत नाही. बाथरूमच्या दारातून चाकाची खुर्ची जायला ८० सेंटीमीटरच्या आसपास मोकळी वाट लागते. भिंत उभी राहण्याआधी ती रुंदी म्हणजे कागदावरची एक रेघ असते. भिंत उभी राहिली की तोडफोड, तीही अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीची.

हे ओळखलेली माणसं होऊन गेली आहेत. रोनाल्ड मेस हे वास्तुरचनाकार लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होते. अपंगांसाठी वेगळं काही बांधण्यापेक्षा सगळ्यांनाच चालेल असं सुरुवातीपासून बांधा, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या गटाने त्याची सात तत्त्वं १९९७ मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात 'लाइफटाइम होम्स' नावाचे निकष तयार झाले. पुढे दांडे लावता येतील अशा मजबूत भिंती बाथरूमला असाव्यात, हे त्यांत होतं. इंग्लंडमध्ये १९९९ पासून नव्या घरांना बांधकाम नियमांनीच सुगम प्रवेश, पुरेशी रुंद दारं आणि प्रवेशाच्या मजल्यावर संडास बंधनकारक झाला. असा नियम कागदावर येऊ शकतो आणि घरं बांधली जायची थांबत नाहीत, हे त्यामुळे दिसून आलं आहे.

जपानने २००० मध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून घरात दांडे बसवणं, उंबरठे काढणं, सरकती दारं लावणं यांच्या खर्चाचा मोठा वाटा ठरावीक मर्यादेपर्यंत उचलला जातो. मला ही योजना आवडते आणि तरी तिच्यात एक खोट दिसते. तो लाभ मिळण्यासाठी तुम्हाला मदतीची गरज आहे असा दाखला आधी लागतो. म्हणजे आधी दुबळे व्हा, मग दांडा मिळेल. माझं म्हणणं असं की किमान काही गोष्टी दाखल्यावाचून, वय न विचारता, प्रत्येक नव्या घरात असाव्यात: पायरीविना एक प्रवेश, रुंद दारं, बाथरूमच्या भिंतीत आधार, बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार. बाळगाडी ढकलणाऱ्या आईला त्यांचा उपयोग आहे, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या खेळाडूला आहे, कपाट उचलून नेणाऱ्या हमालाला आहे. घर अनेक दशकं टिकतं आणि त्यात किती जणांची म्हातारपणं जातील हे बांधणाऱ्याला माहीत नसतं, पण जातील हे नक्की माहीत असतं.

आणि भाडेकरूंचं काय? "स्वतःच स्वतःचं घर बदला" हा माझा सगळा उपदेश स्वतःचं घर असलेल्यांसाठी आहे, हे मला लिहिता लिहिता टोचत आलं आहे. भिंतीला भोक पाडायचं नाही, हे भाडेकरारांत सर्रास असतं. सुरक्षेच्या कारणाने लावायच्या दांड्याला मालकाने नकार देऊ नये, एवढी एक ओळ कायद्यात घालायला कुणाचंही नुकसान होत नाही. माझ्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या बाई पंच्याहत्तरीच्या आहेत. बाथरूममध्ये चार भोकं पाडायची परवानगी त्यांनी मालकाकडे मागितली, त्याला सात महिने होऊन गेले. लादी खराब होईल, असं त्यांना कळवण्यात आलं. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला स्क्रूड्रायव्हर मागितला. टॉवेलची दांडी सैल झाली आहे म्हणाल्या.